‘प्ले’ला जपानीत काय म्हणायचं? लिव्हरचा प्ले, पिनचा प्ले, व्हिडिओचा प्ले

उद्यमबागवाला (बेळगाव)

नमस्कार मंडळी. जपानी येणाऱ्यांनी जरा हात द्यावा.

मी उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. आमच्याकडे दुचाकीच्या क्लच लिव्हरची असेंब्ली होते. जपानहून गिऱ्हाइकाची माणसं लाइन बघायला येणार आहेत, तर मालकांच्या मनात आलं की तपासणीचा तक्ता इंग्रजीबरोबर जपानीतही लावायचा. पुण्याला जाऊन मी एन फोर (जपानीची प्राथमिक पातळीची परीक्षा) दिलीय हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं. काम आलं गळ्यात.

तक्त्यात ‘प्ले’ हा शब्द जागोजाग आहे. ओळी साधारण अशा:

– लिव्हरच्या टोकाला फ्री प्ले (मोकळी हालचाल) १० ते २० मिमी असावा.
– पिव्हट पिनमध्ये (लिव्हर जिच्यावर फिरतो ती पिन) प्ले चालणार नाही.
– असेंब्लीचा व्हिडिओ बघण्यासाठी प्ले दाबा.
– पिव्हटचं बुश लिव्हरच्या कामात महत्त्वाचा रोल प्ले करतं. (बुश म्हणजे पिनेभोवतीची नळी. हे वाक्य तक्त्यात कुणी घुसडलं देव जाणे.)
– एअर गनशी प्ले करू नये.

कॉम्प्युटरला भाषांतर करायला दिलं. त्यानं काही ठिकाणी ‘असोबु’ म्हणजे खेळणे घातलं आणि उरलेल्या ठिकाणी ‘पुरे’. ‘पुरे’ हा ‘प्ले’चाच जपानी उच्चार, पण मला आधी वाटलं कॉम्प्युटरच कंटाळला. दुसऱ्या ओळीचं तर ‘पिनला खेळायची परवानगी नाही’ असं झालंय, हे माझ्या एन फोरलाही कळतं.

शब्दकोशात ‘असोबी’ या नामाला ‘यंत्रातला प्ले’ असाही अर्थ दिलेला आहे. मग पहिल्या दोन्ही ओळींत सरळ ‘असोबी’ टाकून मोकळा होऊ का?

गॅरेजवाला (निपाणी)

जपानीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण भावा, पहिली ओळ आणि दुसरी ओळ एकच गोष्ट सांगत नाहीत, हे आधी बघ की!

लिव्हरचा प्ले आपण ठेवतो. केबल ओढून एकदम ताणली, लिव्हरला फ्री ठेवलंच नाही, तर क्लच अर्धवट दाबल्यासारखा राहतो, स्लिप होतो आणि प्लेटा जळतात. गिऱ्हाईक आठवड्यात परत दारात. पिनचा प्ले कुणी ठेवत नाही, तो झिजून येतो. आमच्याकडं पोरांना सांगतो, ‘लिव्हरला फ्री ठेव’ आणि ‘पिन खुळखुळायलीय, बदल’. दोन्हीला एकच शब्द घालायलायस म्हटल्यावर जपानी माणूस काय समजणार?

खानापूरची

निपाणीच्या दादांनी उत्तराचा दरवाजा उघडून दिलाय. मी आता फक्त जपानी शब्द आत ठेवते. (आधी चाकणच्या कारखान्यांमधून दुभाषी होते, आता खानापुरातून घरबसल्या तांत्रिक भाषांतरं करते. इथे सगळे उच्चार देवनागरीतच देते, तुमच्या तक्त्यात जपानी लिपीत घाला.)

असोबी म्हणजे मुद्दाम राखलेला प्ले. हँडलची असोबी, ब्रेक पेडलची असोबी, क्लच लिव्हरची असोबी. डिझाइन करणाऱ्यानं विचार करून मोकळी सोडलेली चाल, जिथे हात हलतो पण पुढे काही घडत नाही. हो, शब्द मुलांच्या खेळाचाच, कानजीही (लिहायचं चित्राक्षर) तीच. पहिली ओळ म्हणून ‘रेबा सेन्तान नो असोबी’, म्हणजे ‘लिव्हरच्या टोकाची असोबी’, आणि पुढे १० ते २० मिमी. बस. ‘असावा’ वगैरे लिहायची गरज नाही, तक्त्यात नाम आणि आकडा पुरतो.

गाता म्हणजे नको असलेला प्ले. झिजलेली पिन, सैल झालेलं बेअरिंग, पाय हलणारं टेबल. ‘गातागाता’ या आवाजावरून आलेला शब्द आहे, निपाणीच्या ‘खुळखुळा’चा सख्खा भाऊ. दुसरी ओळ ‘पिबोत्तो पिन नि गाता गा नाइ कोतो’. शेवटचं ‘नाइ कोतो’ म्हणजे ‘नसणे’. जपानी तपासणी तक्त्यांची ही ठरलेली शेपटी आहे, पूर्ण वाक्यांच्या ओळी बहुतेक ‘कोतो’वरच संपलेल्या दिसतील.

आता या दोघांची अदलाबदल झाली तर काय होईल ते बघा. पिनच्या ओळीत ‘असोबी गा नाइ कोतो’ लिहिलंत तर येणारा माणूस दोनदा वाचेल. क्लचच्या बाबतीत ‘असोबी नाही’ हा दोष असतो, दादांनी सांगितलेला प्लेटा जळण्याचा, आणि तुम्ही तोच निकष म्हणून मागताय असं त्याला वाटेल. उलट लिव्हरच्या ओळीत ‘गाता १० ते २० मिमी’ छापलंत तर तो तुमचा लिव्हर हातातही घेणार नाही.

गाता मराठी माणसाला विसरता येणार नाही, कारण आपल्याकडे ‘खिळखिळं’ आहे. खुर्ची खिळखिळी होते तशी माणसाची हाडंही खिळखिळी होतात. जपानीत अगदी तसंच, ‘कारादा नि गाता गा किता’, अंगाला गाता आला, म्हणजे वय झालं, शरीर कुरकुरायला लागलं. मी चाळिशी ओलांडल्यापासून हे वाक्य फार मनापासून वापरते.

तुमच्या तक्त्यात नाहीत पण ड्रॉइंगवर भेटतील असे दोन-तीन शब्द देऊन ठेवते. गिअरच्या दातांमधल्या प्लेला ‘बाक्कुराश्शु’, म्हणजे बॅकलॅशच. शाफ्ट आणि बुश यांच्यात आकड्यानं दिलेली फट असेल तर ‘सुकिमा’ किंवा ‘कुरिआरान्सु’. फिटच्या, म्हणजे शाफ्ट भोकात कसा बसतो त्याच्या, नावांतही सुकिमा येतं: सैल फिट ‘सुकिमाबामे’, दाबून बसवायचा तो ‘शिमारिबामे’, आणि मधला ‘च्यूकानबामे’.

व्हिडिओचं सोपं आहे. ‘साइसेइ बोतान ओ ओसु’, साइसेइचं बटण दाबणे. साइसेइचा शब्दशः अर्थ पुन्हा जिवंत होणं. रद्दीपासून बनवलेल्या कागदालाही हाच शब्द लागतो, ‘साइसेइशि’.

बुशवालं वाक्य जपानीत छान होतं, ‘जूयो ना याकुवारि ओ हातासु’, म्हणजे महत्त्वाची भूमिका पार पाडतं. तरी मी म्हणेन ते काढून टाका. तपासणीच्या तक्त्यावर बुशाची स्तुती कशाला?

एअर गनच्या ओळीत मात्र खड्डा आहे. जपानमध्ये साध्या माणसाला ‘एआगान’ म्हटलं की छऱ्यांची खेळण्यातली बंदूक आठवते. ‘एआगानशी खेळू नये’ हे वाचताना त्याच्या डोळ्यासमोर शाळकरी पोरं येतील. कारखान्यातल्यासाठी ‘एआ बुरो गान’ लिहा. आणि ‘खेळू नये’ सोडाच. तुम्हाला म्हणायचंय काय? हवेचा झोत माणसावर धरू नका, हेच ना? मग तेच लिहा, ‘हितो नि मुकेनाइ कोतो’.

माझी रीत सांगते, पटली तर घ्या. इंग्रजी वाक्य वाचायचं, मग झाकून ठेवायचं, आणि तुमचे मेस्त्री तीच गोष्ट पोरांना कशी सांगतात ते आठवायचं. त्यांनी अर्थ आधीच वेगळे केलेले असतात. शिवाय मराठी काय, कन्नड काय, क्रियापद शेवटी आणि विभक्ती नामाच्या मागे, जपानीसारखंच. ‘लिव्हर-च्या’ म्हणजे ‘रेबा नो’. इंग्रजीतून गेलात तर वाक्य दोनदा उलटंपालटं करावं लागतं.

उद्यमबागवाला (बेळगाव)

अक्का, निम्मं ओझं उतरलं. निपाणीच्या अण्णांनाही धन्यवाद.

आमचे मेस्त्री कन्नड माणूस, हुक्केरीकडचे. आज मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. पिन हलवून बघितली आणि म्हणाले, ‘लूज ऐति, तगी.’ म्हणजे लूज आहे, काढ. लिव्हरला मात्र ‘फ्री’च म्हणतात. ‘प्ले’ हा शब्द त्यांच्या तोंडात एकदाही आला नाही. तो फक्त कागदावर.

आता मी पुढचं काय विचारूलालोय ते ऐका. मालकांना पाहुण्यांसाठी कंपनीच्या माहितीचं एक पानही जपानीत हवंय. त्यात ‘वर्किंग कॅपिटल’ असा शब्द आहे. तुमच्या रीतीनं इंग्रजी झाकलं, मराठीत आणलं, खेळतं भांडवल. त्यावरून जपानीत ‘असोन्देइरु शिकिन’, खेळत असलेला पैसा. जमलं की नाही?

खानापूरची

अगोबाई, थांबा! ते पान छापू नका!

‘असोन्देइरु शिकिन’ म्हणजे नुसता पडून असलेला पैसा. कुठेच गुंतवलेला नाही, कामाला लावलेला नाही. खेळत्या भांडवलाच्या बरोब्बर उलट. मालकांनी पाहुण्यांना कळवलं असतं की आमच्याकडे एवढे पैसे धूळ खात आहेत. हवा तो शब्द ‘उन्तेन शिकिन’. उन्तेन म्हणजे चालवणं, गाडी चालवण्यालाही तेच.

इथे मराठी आणि जपानी वेगळ्या वाटेनं जातात. आपल्या ‘खेळतं’मध्ये वाहणं आहे, खेळती हवा, खेळतं पाणी. कन्नडमध्येही तसंच, घरात ‘गाळी आडबेकु’ म्हणतात, हवा खेळायला हवी. जपानी असोबीच्या पोटात मात्र कामापासून सुटका आहे. काम नाही, भार नाही, म्हणून मोकळं. ‘किकाइ गा असोन्देइरु’ म्हणजे मशीन खेळतंय असं नव्हे, मशीन बसून आहे, ऑर्डर नाही. जमीन न कसता तशीच ठेवली तर तिलाही ‘असोबासेते ओकु’, खेळवत ठेवली, म्हणतात. दोन गिअरच्या मध्ये बसून नुसती गती पुढे देणारं आयडलर गिअर म्हणजे ‘असोबी हागुरुमा’. प्लॅनेटरी गिअरला ‘यूसेइ हागुरुमा’ म्हणतात, त्यातल्या ‘यू’ची कानजी असोबीचीच. यूसेइ म्हणजे ग्रह, आकाशात भटकणारा तारा.

हे एकदा डोक्यात बसलं की क्लच लिव्हरच्या असोबीचंही कोडं उरत नाही. लिव्हर तेवढे मिलिमीटर बिनकामाचा फिरतो, म्हणून ती असोबी.

आणखी एक, म्हणजे पाहुण्यांसमोर घोटाळा नको. जाताना ते ‘असोबी नि किते कुदासाइ’ म्हणाले तर खेळायला नव्हे, घरी या असं आमंत्रण आहे. आपल्या बायका एकमेकींना ‘बसायला ये की एकदा’ म्हणतात ना, तेच ते. पण कुणाला ‘असोबिनिन’ म्हणू नका, तो रंगेल, उडाणटप्पू माणूस.

तेव्हा माझ्या रीतीला एक पुरवणी जोडते. मेस्त्रींची भाषा अर्थ वेगळे करायला वापरा, शब्द उचलायला नको. शब्द जपानी कारखान्यातल्या कागदांतून घ्यायचे. दुचाकी कंपन्यांची जपानी मालक-पुस्तिका इंटरनेटवर मिळते, क्लच समायोजनाचं पान काढून बघा, असोबी कुठे आणि कशी येते ते दिसेल.

शहापूरकर पेटीवाले (बेळगाव)

विषय कारखान्याचा आहे हे दिसतंय, तरी मध्ये तोंड घालतो. पं. रामभाऊ विजापुरे यांच्या पेटीवर कान तयार झालेल्या गावातला मी एक साधा शिकवणारा. माझा एक विद्यार्थी नोकरीसाठी जपानला निघालाय. स्वतःची ओळख लिहितोय: मी हार्मोनियम आणि तबला ‘प्ले’ करतो, थोडी बासरी, कॉलेजात नाटकातही होतो. तो सगळीकडे ‘असोबु’ लिहून बसलाय. पेटीशी खेळतो म्हणे! मी त्याला रागावलो, पण बरोबर काय ते मलाही सांगता येईना.

खानापूरची

बुवा, इथे आपली मराठी इंग्रजीसारखीच हात आखडता घेते. पेटी वाजवणे, तबला वाजवणे, बासरी वाजवणे, सगळीकडे एकच क्रियापद. जपानी माणूस मात्र हात काय करतात ते बघतो.

तारा आणि पट्ट्या ‘हिकु’. सतार, व्हायोलिन, पियानो सगळे त्यात. पेटीला भाता असला तरी बोटं पट्ट्यांवर आहेत, म्हणून ‘हारुमोनिउमु ओ हिकु’. ठोकायची वाद्यं ‘ताताकु’, तबला त्यात. फुंकायची ‘फुकु’, हे तर ‘फुंकणे’ म्हणूनच लक्षात राहील. तोंडानं वाजवायचा माउथऑर्गन नावानं पेटीजवळचा वाटला तरी फुकुमध्येच. शंखही फुकतात, आणि ‘होरा ओ फुकु’, शंख फुंकणे, याचा अर्थ फुशारक्या मारणे, तेव्हा ओळखीच्या मजकुरात तेवढं टाळायला सांगा.

सगळी वाद्यं एका दमात म्हणायची तर ‘एन्सो सुरु’, वादन करणे. हे कार्यक्रमपत्रिकेतलं क्रियापद झालं, ओळख करून देताना हिकु-ताताकु बरं वाटतं.

नाटकाला ‘शिबाइ’ किंवा ‘गेकी’. त्यात काम करणं ‘एन्जिरु’. शिबाइ शब्दात ‘हिरवळीवर बसणं’ दडलंय, पूर्वी प्रेक्षक गवतावर बसून बघत म्हणून. आणि आपण ‘नाटकं करू नकोस’ म्हणतो तसंच जपानीतही खोट्या बतावणीला शिबाइच म्हणतात. खेळांना असोबु लागत नाही हेही त्याला सांगून ठेवा. टेनिस, कबड्डी, कॅरम, सगळं ‘सुरु’, म्हणजे करणे. पत्त्यांना जपानीत ‘तोराम्पु’ म्हणतात, त्यांनाही ‘सुरु’च. शोगी आणि गो हे पटावरचे जपानी खेळ मात्र वेगळे, शोगी ‘सासु’ आणि गो ‘उत्सु’.

गॅरेजवाला (निपाणी)

‘अंगाला गाता आला’ हे आज दुकानात चारचौघांना ऐकवलं. आता कुणी कंबर धरून उठला की पोरं ‘गाता’ म्हणून ओरडायलीत.

माझीही एक शंका. आमच्याकडं सगळ्यालाच चेक म्हणतात. ब्रेक चेक कर, प्ले चेक कर, बिल चेक कर. त्याला जपानीत काय?

खानापूरची

‘चेक्कु’ बोलण्यात चालतं, तक्त्याच्या मथळ्यावर नको. मशीन किंवा गाडीची ठरावीक काळानं करायची पाहणी ‘तेन्केन’. सकाळी मशीन चालू करण्याआधीची ती ‘शिग्यो तेन्केन’. तयार माल पास की नापास हे ठरवणं ‘केन्सा’. आधी केलेलं बरोबर आहे ना एवढंच बघणं ‘काकुनिन’. गॅरेजात तुमचं तेन्केन, उद्यमबागवाल्यांचा तक्ता केन्साचा, बिलाचं काकुनिन.

उद्यमबागवाला (बेळगाव)

तक्ता तयार झाला. बुशाची स्तुती उडवली. मथळ्यात ‘केन्सा’ घातलं. खेळत्या भांडवलाचं पानही बदललं, मालकांना कारण सांगितल्यावर ते आधी पांढरे पडले आणि मग चहा मागवला.

शेवटचं विचारतो. प्रत्येक ओळीपुढे रिकामा रकाना आहे. बरोबर असेल तिथं आमची पोरं टिक मारतात. जपानीत काही वेगळं असतं का?

खानापूरची

असतं. बरोबरला गोल, चुकलं तर फुली. शाळेच्या पेपरात बरोबर उत्तराभोवती शिक्षक गोल काढतात आणि टिक बहुतेकदा चुकलेल्या उत्तरावर मारतात. कारखान्यातल्या यादीत ‘हे बघून झालं’ म्हणून टिक चालते, तिला ‘रेतेन’ म्हणतात. पण पास-नापासच्या रकान्यात नुसत्या टिका दिसल्या तर बघणारा घुटमळेल. रकान्याला ‘हान्तेइ’ म्हणजे निकाल असं नाव द्या, पोरांना गोल आणि फुली शिकवा, आणि तळाला गोल म्हणजे ‘गोकाकु’, फुली म्हणजे ‘फुगोकाकु’ असा खुलासा छापा.

आणि लॅमिनेशनला टाकायच्या आधी प्रिंट डोळ्याजवळ धरून बघा. गाता काताकाना या जपानी लिपीत लिहिलाय ना? त्यातल्या ‘गा’ला वर उजवीकडे दोन बारीक रेघा असतात. फोटोकॉपीत त्या पुसल्या गेल्या की ‘काता’ उरतं. काता म्हणजे साचा, डाय. ‘पिव्हट पिनला साचा नसावा’ असं वाचून ते तुमच्या मेस्त्रींना बोलावतील, आणि मेस्त्री तुम्हाला.